काविळीनंतरचा अशक्तपणा

मराठीत 'अशक्तपणा' या शब्दाइतका सोयीचा आणि फसवा वैद्यकीय शब्द दुसरा नसावा. ताप उतरला की अशक्तपणा, बाळंतपणानंतर अशक्तपणा, उपास घडला की अशक्तपणा, आणि कावीळ झाली की तर विचारायलाच नको. तीसेक वर्षं फिजिशियन म्हणून काम करताना हा शब्द मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी ऐकत आलो. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. एक थकवा: जिना चढता येतो, पण चढावासा वाटत नाही. दुसरी बळ जाणं: चढायचं मनात आहे, पण पाय उचलत नाही. पहिली गोष्ट काविळीनंतर जवळजवळ प्रत्येकाला होते आणि विश्रांतीनं जाते. दुसरी क्वचित होते. पण झाली तर कधी कधी चार-पाच दिवसांत माणूस कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर जातो, आणि तोवर घरातली मंडळी त्याला उसाचा रस पाजत बसलेली असतात.

या लेखाचा विषय ही दुसरी गोष्ट आहे. काविळीचा विषाणू यकृतात घर करतो हे सर्वांना ठाऊक असतं. तोच आजार मज्जातंतूंपर्यंत पोहोचू शकतो, हे वैद्यकशास्त्राच्याही नीट लक्षात आलं ते गेल्या पंचवीसेक वर्षांत.

आधी थोडी साफसफाई. कावीळ हे लक्षण आहे, रोग नव्हे. रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की डोळे पिवळे होतात. (काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं ही म्हण साहित्यात फार चालते. प्रत्यक्षात त्याला जग आपल्यासारखंच दिसतं, जगाला तो पिवळा दिसतो. समीक्षकांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.) यकृताला सूज आणणारे पाच मुख्य विषाणू म्हणजे हेपॅटायटिस ए, बी, सी, डी आणि ई. बी, सी आणि डी प्रामुख्यानं रक्तातून पसरतात, ए आणि ई दूषित पाण्या-अन्नातून. आपल्याकडे गावच्या गाव पिवळं होतं ते बहुतेक वेळा या शेवटच्या ई मुळे. मज्जासंस्थेशी याचंच नातं सध्या सर्वाधिक चर्चेत आहे, म्हणून त्याची कुळकथा जरा तपशिलात सांगतो.

१९५५ च्या पावसाळ्याअखेरीस यमुनेला पूर आला, नदीनं पात्र बदललं, आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या पाणीउपसा केंद्राकडे सरकलं. नोव्हेंबरात काही दिवस दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात मैला मिसळत राहिला. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं होतं आणि त्यांनी क्लोरिन वाढवलंही. त्यामुळे टायफॉइड आणि हगवणीची साथ आली नाही. पण डिसेंबर आणि जानेवारीत कावीळ आली. सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाली असा अंदाज डॉ. विश्वनाथन यांच्या पाहणीत नोंदवला गेला. जिवाणू मारणारी क्लोरिनची मात्रा या विषाणूला पुरली नव्हती. गरोदर स्त्रियांना या साथीचा जास्त त्रास झाला, हेही तेव्हाच टिपलं गेलं.

पुढची पंचवीस वर्षं ही साथ हेपॅटायटिस ए ची म्हणून पाठ्यपुस्तकांत दिली जाई. मग ए साठी रक्ततपासणी उपलब्ध झाली, आणि जपून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवर ती करून पाहण्यात आली. १९८० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी आणि डॉ. श्रीनिवासन यांची नावं आहेत. निष्कर्ष असा की दिल्लीची साथ ए ची नव्हती, बी ची तर नव्हतीच. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातल्या १९७८ च्या साथीबद्दल हेच लिहिलं. म्हणजे पाण्यातून येणारा आणखी एक काविळीचा विषाणू होता, आणि त्याला अजून नावही नव्हतं.

तो प्रथम दिसला रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायन यांना, आणि तोही स्वतःच्या विष्ठेत. रुग्णांच्या विष्ठेपासून केलेला अर्क ते स्वतः प्यायले. पाच आठवड्यांनी त्यांना कावीळ झाली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. १९८३ साली हे प्रसिद्ध झालं. आजच्या नीतिसमित्यांपुढे असा अर्ज गेला असता तर काय झालं असतं याची कल्पना करावी. १९९० च्या सुमारास विषाणूची जनुकीय ओळख पटली आणि तो हेपॅटायटिस ई झाला.

महाराष्ट्राला हा पाहुणा अनोळखी नाही. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कोल्हापूर शहरात पाण्यातून पसरलेल्या काविळीचा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता. २०१२ साली इचलकरंजीत मोठी साथ आली आणि पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा महिनोन्‌महिने चालली. दरवर्षी छोट्या-मोठ्या साथी येतच असतात. पिण्याच्या पाण्याची जलवाहिनी आणि सांडपाण्याची गटार एकाच चरातून जाते, पाणी दिवसातून तासभर येतं, उरलेले तेवीस तास रिकाम्या नळीत आजूबाजूचं पाणी झिरपत राहतं. विषाणूला याहून अधिक काही नको असतं.

आता मज्जासंस्थेकडे. 'कावीळ डोक्यात चढली' असं आपल्याकडे म्हणतात. ते वर्णन ढोबळ असलं तरी खोटं नाही. तीव्र हेपॅटायटिसमध्ये शेकडा एखाद्या रुग्णाचं यकृत एकदम निकामी होतं. आतड्यात तयार होणारा अमोनिया एरवी यकृत निकालात काढतं. ते थांबलं की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो, तिथल्या तारकापेशी तो पचवायचा प्रयत्न करतात आणि त्या प्रयत्नात स्वतः फुगतात. रुग्ण आधी दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, मग असंबद्ध बोलतो, चिडतो. हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले तर ते पक्ष्यानं पंख फडफडवावेत तसे खाली पडतात आणि पुन्हा वर येतात. त्यापुढची पायरी बेशुद्धी. हेपॅटायटिस ई मध्ये गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा धोका भयानक वाढतो, मृत्यूचं प्रमाण शेकडा वीस-पंचवीसपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा काविळीचं माणूस भलत्या वेळी झोपू लागलं किंवा विचित्र वागू लागलं, तर त्याच तासाला इस्पितळ गाठायचं असतं. याबद्दल डॉक्टरांत मतभेद नाहीत, आणि पाठ्यपुस्तकांत यावर पानंच्या पानं आहेत.

मला बोलायचं आहे ते दुसऱ्या वाटेबद्दल. इथे यकृत सुधारत असतं, डोळे निवळू लागलेले असतात, भूक परत आलेली असते, आणि नेमकं तेव्हाच पायांतलं बळ जातं.

माझ्याकडे आलेला एक रुग्ण सांगतो. तिशीचा यंत्रमाग कामगार. तीन आठवड्यांपूर्वी कावीळ झाली होती. गावाकडे नेऊन दंडावर डाग देऊन झाला होता, गळ्यात माळ होती. (ही माळ रोज लांबत जाते आणि कावीळ उतरत जाते असा समज आहे. सैल गाठींची माळ लांबणारच, आणि ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांत आपोआप उतरतेच. दोन्ही गोष्टी एकदम घडतात, आणि श्रेय माळेला जातं.) आई बरोबर होती. मी काय होतंय म्हणून विचारलं तर तीच म्हणाली, "काविळीतनं उठलाय न्हवं, अशक्तपणा असतोयच की. एक सलाइन लावा, म्हंजे झालं." मुलगा मात्र हळूच म्हणाला, "डॉक्टर, चप्पल पायात ऱ्हाईना."

भारतातल्या मज्जाविकारतज्ज्ञांना या वाक्याची किंमत माहीत असते. बूट घालणाऱ्या देशांतल्या पुस्तकांत हा प्रश्न सापडणार नाही, पण आपल्याकडे तो पहिल्या पाचांत असतो: चप्पल पायातून निसटते का, आणि निसटल्याचं कळतं का? कळून निसटत असेल तर स्नायूंचं बळ गेलेलं असतं. न कळता निसटत असेल तर तळपायाची जाणीवही गेलेली असते. या मुलाला कळत होतं. दोन दिवसांपूर्वी पायांना मुंग्या आल्या होत्या, कंबर दुखत होती, आदल्या दिवशी बसलेला उठताना भिंतीचा आधार लागला होता. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हलला नाही. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, तर पंधराच्या आसपास अडखळला. सलाइन न लावता त्याला त्याच दुपारी अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे श्वासाचं यंत्र लागलं, उपचार झाले, आणि पाच महिन्यांनी तो पुन्हा मागावर उभा राहिला. रक्तात हेपॅटायटिस ई च्या ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं सापडली होती.

हा आजार म्हणजे गिलां-बारे सिंड्रोम, जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले, संख्या दोनशेपार गेली, आणि तोवर परीक्षेपुरता असलेला हा शब्द घराघरांत पोहोचला. त्या वेळी काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस मिळाले. त्याही साथीत बोट पाण्याकडेच वळलं होतं. नाव मात्र शंभर वर्षांहून जुनं आहे. १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, गिलां, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचं वर्णन लिहिलं. पायांतलं बळ गेलेलं, प्रतिक्षिप्त क्रिया थंडावलेल्या, आणि पाठीतलं पाणी काढून पाहिलं तर त्यात प्रथिनं वाढलेली पण पेशी वाढलेल्या नाहीत. (स्ट्रोल यांचं नाव पुढे गळून पडलं. तिसऱ्या लेखकाचं असंच होतं.) सर्वसाधारणपणे लाखात एक-दोघांना वर्षभरात हा आजार होतो. संसर्गाशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिकारयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. विजेच्या वायरीवरचं प्लॅस्टिक सोललं जावं तसं तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि संदेश वाटेतच विरतो.

काविळीनंतर जीबीएस झाल्याच्या तुरळक नोंदी हेपॅटायटिस ए आणि बी बाबत जुन्या आहेत. ई बाबतची पहिली नोंद २००० साली भारतातूनच झाली. पण एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, काविळीचा आणि लुळेपणाचा तो योगायोगही असू शकतो. नाणं वाजवून घेतलं ते बांगलादेश आणि नेदरलँड्समधल्या अभ्यासांनी. बांगलादेशात जीबीएसच्या शंभर रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा ११ टक्क्यांत हेपॅटायटिस ई च्या ताज्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या, तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत फक्त २ टक्क्यांत. नेदरलँड्समध्ये २०१ रुग्णांपैकी १० जणांत त्या मिळाल्या, तेवढ्याच निरोगी लोकांत एकात. २०१३-१४ च्या या आकड्यांनंतर योगायोग म्हणून हात झटकणं अवघड झालं.

या रुग्णांतल्या अनेकांना कावीळ दिसलीच नव्हती, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. डोळे पांढरे, फक्त यकृताची विकरं थोडी वाढलेली. म्हणजे काविळीच्या रुग्णाचे पाय पाहायला हवेत तसं पाय गेलेल्या रुग्णाचं यकृतही पाहायला हवं.

उपचार उपलब्ध आहेत. रक्तद्रव बदलण्याची पद्धत १९८५ पासून आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देण्याची १९९२ पासून प्रस्थापित आहे. दोन्ही पहिल्या दोन आठवड्यांत दिल्या तर उपयोग, त्यातही जितक्या लवकर तितकं बरं. स्टेरॉइडचा फायदा होत नाही हे सिद्ध झालं आहे, तरी ती सर्रास दिली जातात. शंभरातले वीस-तीस रुग्ण यंत्रावर जातात, बहुसंख्य बरे होतात, पण सुमारे वीस जणांना सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालता येत नाही. इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च काही लाखांत जातो. यंत्रमागावर काम करणाऱ्या घराला तो कसा पेलतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

म्हणूनच घरच्या पातळीवर काय पाहावं हे इथेच सांगून टाकतो. काविळीतून उठणाऱ्या माणसाला जमिनीवर मांडी घालून बसवून हाताचा टेका न घेता उठायला सांगावं. टाचांवर चार पावलं चालायला लावावं. केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जातो का पाहावं. पाणी पिताना ठसका लागतो का, एका श्वासात वीसपर्यंत मोजता येतं का, विचारावं. थकलेला माणूस कुरकुरत का होईना, हे सगळं करतो. ज्याचं बळ गेलं त्याला ते जमत नाही, आणि काल जमलेलं आज जमत नसेल तर उद्याची वाट पाहायची नसते.

दुसरा आजार याहून कमी जीवघेणा आणि जास्त चकवा देणारा. एका रात्री अचानक खांद्यात असह्य कळ येते, झोप उडते, नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत कळ ओसरते, आणि मग लक्षात येतं की हात उचलत नाही, खांद्याचे स्नायू वाळले आहेत, पाठीवर फऱ्याचं हाड पंखासारखं बाहेर आलं आहे. पार्सोनेज आणि टर्नर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४८ साली सैन्यातल्या १३६ रुग्णांवरून याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव, शास्त्रीय नाव न्यूरॅल्जिक अ‍ॅमायोट्रॉफी. आपल्याकडे याला 'खांदा आखडला' किंवा 'मानेचा मणका' म्हणून शेक-मालिश सुरू होते. २०१४ साली डच आणि ब्रिटिश संशोधकांनी अशा ४७ रुग्णांचं रक्त तपासलं, पाच जणांत हेपॅटायटिस ई निघाला. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात त्याची छापही स्पष्ट झाली: विषाणू असलेल्यांपैकी ८० टक्क्यांत दोन्ही खांदे बाधित, विषाणू नसलेल्यांत जेमतेम ९ टक्क्यांत. श्वासपटलाकडे जाणारा तंतूही अशांत अधिक वेळा सापडतो, मग उताणं झोपलं की धाप लागते आणि माणूस हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो. तुटलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. हाताचं बळ परतायला एक-दोन वर्षं लागतात ती यामुळेच.

युरोपातला हेपॅटायटिस ई मात्र आपल्यापेक्षा निराळ्या वाणाचा. आपला जनुकप्रकार १, माणसाकडून पाण्यातून माणसाकडे जाणारा. त्यांचा प्रकार ३, डुकरांत वाढणारा आणि अर्धवट शिजलेल्या मांसातून मध्यमवयीन पुरुषांना गाठणारा. इंग्लंडमधलं कॉर्नवॉल आणि फ्रान्समधलं तुलूझ इथल्या १२६ रुग्णांत ७ जणांना मज्जासंस्थेचे विकार झाले, असं २०११ साली प्रसिद्ध झालं. यावरून काहींचा कल असा दिसतो की मज्जातंतूंना धरणारा प्रकार ३ च. मला हे घाईचं वाटतं. बांगलादेशातल्या रुग्णांना हा त्रास प्रकार १ च्या प्रदेशातच झाला होता. जिथे प्रत्येक लुळ्या रुग्णाचं रक्त विषाणूंसाठी तपासलं जातं तिथून नोंदी येणार, आणि जिथे हजारो काविळी 'अशक्तपणा'च्या सदरात जमा होतात तिथून त्या येणार नाहीत.

विषाणू मज्जातंतूंना नेमका कसा छळतो यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे चुकीची ओळख: कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणावरच्या शर्करा मज्जातंतूंवरच्या स्निग्ध रेणूंसारख्या दिसतात आणि प्रतिपिंडं दोघांनाही शत्रू समजतात. तिथे हे पुराव्यानिशी दाखवलं गेलं आहे, हेपॅटायटिस ई मध्ये तितकं पक्कं नाही. दुसरं म्हणजे थेट घुसखोरी: काही रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात विषाणूचा आरएनए सापडला, आणि प्रयोगशाळेत मज्जापेशींत तो वाढूही शकतो. जीबीएससाठी मला पहिलं अधिक पटतं, कारण तो आजार विषाणू ओसरत असताना येतो. दोन्ही खांदे धरणाऱ्या त्या कळेसाठी दुसऱ्याचा विचार करावा लागेल.

हेपॅटायटिस ए ची लस आपल्याकडे मिळते. ई ची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली, आणि साथ रोखण्यासाठी ती प्रथम वापरली गेली २०२२ साली, दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या निर्वासित छावणीत. आपल्या बाजारात ती मिळत नाही. तोवर पाणी उकळून पिणं आणि नगरपालिकेच्या चरातल्या त्या दोन नळ्या एकमेकींपासून दूर करणं, एवढंच हातात उरतं. पहिलं काम घरातल्या बाई रोज करतात. दुसऱ्याची निविदा निघते.